आरोप मिटला, पिस्तूल मात्र पोलिसांकडेच

“केस तर डिसमिस झाली. मग माझं पिस्तूल पोलीस परत का देत नाहीत?”

न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्या मनात एक सरळ हिशेब असतो. आरोप झाला, कोर्टाने सोडलं, पाटी कोरी झाली. शिक्षेपुरता हा हिशेब बरोबर आहे. पण या राज्यात हँडगनचा हक्क खटल्याच्या मागोमाग चालत नाही. त्याची वाट वेगळी, निकष वेगळे आणि निर्णय घेणारं माणूसही बऱ्याचदा वेगळं. आरोप झाला त्या रात्रीच बंदूक हातातून जाऊ शकते आणि सुटका झाल्यावरही ती परत येईलच असं नाही. हे आधी कळलं असतं तर वेगळं वागलो असतो, असं म्हणणारी माणसं भेटतात, म्हणून हा लेख.

अमेरिकेत बंदुकीचे कायदे राज्याराज्याचे वेगळे आहेत. मी न्यू जर्सीबद्दलच लिहितो आहे, कारण एडिसन, इझलिन, प्लेन्सबरो, जर्सी सिटी या पट्ट्यात आपली वस्ती मोठी आहे आणि इथला कायदा देशातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी एक आहे. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय हँडगन जवळ बाळगता येते. तीच गोष्ट न्यू जर्सीत केली तर पाच ते दहा वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा होतो. डॅलसहून बदली होऊन आलेल्या माणसाला हे कुणी विमानतळावर सांगत नाही.

आणखी एक फरक आधीच लक्षात घेतलेला बरा. आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, शस्त्र परवाना ही सरकारने दिलेली परवानगी असते. शेतीच्या रक्षणासाठी बंदूक असली तरी निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात आणि लोक करतातही. अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा देशाच्या घटनेतला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तो व्यक्तीचा हक्क असल्याचं सांगितलं, २०१० मध्ये तो राज्यांवरही बंधनकारक ठरवला आणि २०२२ च्या ब्रुएन निकालात घराबाहेर हँडगन बाळगण्यापर्यंत नेला. न्यू जर्सीच्या स्वतःच्या राज्यघटनेत मात्र शस्त्रांच्या हक्काचं कलमच नाही. त्यामुळे इथला सगळा झगडा एका मुद्द्याभोवती फिरतो: घटनेने दिलेला हक्क राज्य नेमक्या कोणत्या कारणाने आणि किती काळ काढून घेऊ शकतं?

डिग्री बघा, गुन्ह्याचं नाव नको

टीव्हीवर ऐकलेले ‘फेलनी’ (गंभीर गुन्हा) आणि ‘मिसडिमिनर’ (किरकोळ गुन्हा) हे शब्द न्यू जर्सीच्या दंडसंहितेत गुन्ह्यांच्या वर्गवारीसाठी वापरलेले नाहीत. इथे डिग्री चालते. पहिल्या डिग्रीचा गुन्हा सर्वांत गंभीर, त्याला साधारण १० ते २० वर्षं. दुसऱ्या डिग्रीला ५ ते १०, तिसऱ्या डिग्रीला ३ ते ५ आणि चौथ्या डिग्रीला १८ महिन्यांपर्यंत कैद. त्याखाली ‘डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स’ नावाचा प्रकार येतो. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तो बहुधा म्युनिसिपल कोर्टात चालतो, तिथे ज्युरी नसते आणि कायद्याच्या भाषेत तो ‘क्राइम’ धरला जात नाही.

हँडगनच्या दृष्टीने ही रेघ फार महत्त्वाची. चारपैकी कोणत्याही डिग्रीच्या क्राइममध्ये दोषी ठरलेल्या माणसाला न्यू जर्सीत हँडगन खरेदीचा परवाना मिळत नाही आणि रायफल किंवा शॉटगन घेण्यासाठी लागणारं ओळखपत्रही मिळत नाही. त्या गुन्ह्यात बंदूक होती की नव्हती, याला काही अर्थ नाही. मॉलमधून वस्तू उचलण्याचंच उदाहरण घ्या. मालाची किंमत २०० डॉलरच्या आत असेल तर तो डिसऑर्डरली प्रकार. २०० ते ५०० डॉलरमध्ये असेल तर चौथ्या डिग्रीचा क्राइम आणि ५०० च्या वर तिसऱ्या डिग्रीचा. म्हणजे पिशवीत एक शर्ट जास्त असला की आयुष्यभराचा हक्क पणाला लागतो. उलट, दारू पिऊन गाडी चालवणं हा न्यू जर्सीत वाहतुकीचा गुन्हा आहे. त्यात लायसन्स जातं, दंड बसतो, तुरुंगही होऊ शकतो, पण तो ‘क्राइम’ नव्हे. अर्थात अशी प्रकरणं पुन्हा पुन्हा झाली तर परवाना देणारा पोलीस प्रमुख दारूच्या सवयीबद्दल विचारणारच.

राज्याच्या वर फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा आहेच. एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते अशा गुन्ह्यात माणूस दोषी ठरला की फेडरल कायदा त्याला देशभर कुठेही बंदूक बाळगायला बंदी घालतो. ‘होऊ शकते’ हे शब्द इथे कळीचे आहेत. प्रत्यक्षात एक दिवसही तुरुंगात काढला नसेल, नुसतं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख, मिळालं असेल, तरी कायद्यातली कमाल शिक्षाच मोजली जाते. कमी शिक्षेच्या काही राज्य गुन्ह्यांना यातून सूट आहे, पण तिसऱ्या डिग्रीचा गुन्हा यात सहज बसतो.

दोषी ठरण्याआधीच

आता आरोपाकडे येऊ. न्यू जर्सीत १ जानेवारी २०१७ पासून पैशाचा जामीन जवळपास बंद झाला आहे. अटक झाल्यावर न्यायाधीश धोका किती हे बघून सोडायचं की ठेवायचं ते ठरवतात आणि सोडताना अटी घालतात. ‘कोणतंही शस्त्र जवळ ठेवायचं नाही’ ही त्यातली नेहमीची अट. खटला वर्षभर चालला तर ही अटही वर्षभर चालते. ती मोडली तर मूळ आरोप बाजूलाच राहतो आणि सुटका रद्द होण्याची वेळ येते.

गुन्हा डिग्रीचा असेल तर प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे जातं. तिथे २३ नागरिक असतात. त्यांच्यापैकी किमान १२ जणांनी होकार दिला की ‘इंडाइटमेंट’ होते, म्हणजे रीतसर दोषारोप. त्या क्षणापासून फेडरल कायदा आणखी एक बंधन आणतो: असा माणूस नवी बंदूक घेऊ शकत नाही. आधीपासून घरात असलेली ठेवायला फेडरल कायद्याची हरकत नसते, राज्याच्या न्यायाधीशाची असू शकते. दुकानात बंदूक घेताना जो फेडरल फॉर्म भरतात, त्यात हा प्रश्न विचारलेला असतो. खोटं उत्तर दिलं तर तो वेगळा गुन्हा होतो.

न्यू जर्सीत मुळात दुकानात जाऊन हँडगन उचलता येतच नाही. आधी आपल्या गावच्या पोलीस प्रमुखाकडे, आणि गावाला पोलीस दल नसेल तर राज्य पोलिसांकडे, अर्ज करायचा. बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याच्या नोंदींची तपासणी, ओळखीच्या माणसांचे दाखले हे सगळं पार पडलं की खरेदीचा परवाना मिळतो. एका परवान्यावर एकच हँडगन. वय किमान एकवीस. अर्जात मुद्दाम खोटी माहिती दिली तर तो स्वतःच तिसऱ्या डिग्रीचा गुन्हा. जुनी अटक लपवणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच टप्प्यावर आहे. कायद्यातल्या अपात्रतेच्या कारणांमध्ये एक कलम बरंच सैल आहे: बंदूक सोपवण्याजोगं चारित्र्य आणि स्वभाव ज्याच्याकडे नाही आणि म्हणून ज्याला परवाना देणं लोकांच्या सुरक्षिततेच्या आड येईल, अशा माणसाला तो नाकारता येतो. या कलमाखाली पोलीस प्रमुख जुने आरोप बघतो, मिटलेलेसुद्धा. राज्याच्या अपील न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केलं की आरोप डिसमिस झाला म्हणून त्यामागच्या घटना विचारात घ्यायला मनाई होत नाही. नोंद पुसून घेतली असेल, म्हणजे एक्सपंजमेंट झाली असेल, तरी मागची हकिकत परवान्याच्या सुनावणीत निघू शकते, असंही २०२३ मध्ये याच न्यायालयाने मान्य केलं. कारण साधं आहे. फौजदारी खटल्यात सरकारला गुन्हा कोणत्याही रास्त शंकेपलीकडे सिद्ध करावा लागतो. परवान्याच्या सुनावणीत तितक्या पुराव्याची गरज नसते. तिथे शिक्षेचा प्रश्न नसतो, धोक्याचा असतो. नकार मिळाला तर तीस दिवसांत सुपीरियर कोर्टात सुनावणी मागता येते. ही मुदत पुष्कळ जण रागाच्या भरात घालवतात.

त्या रात्री घरी काय होतं

सर्वांत जास्त बंदुका जातात त्या घरातल्या भांडणातून आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथेच आहेत.

समजा, रात्री अकरा वाजता एका टाउनहाऊसमधून आरडाओरडा ऐकू आला. शेजाऱ्याने ९११ ला फोन केला. पोलीस आले. बायकोच्या दंडावर वळ आहे. न्यू जर्सीच्या १९९१ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार जखमेच्या खुणा दिसल्या तर अटक करणं पोलिसांना भाग असतं. ‘मला तक्रार करायची नाही’ असं बायको म्हणाली तरी अटक होते. घरात शस्त्र आहे का, हे पोलिसांनी विचारायचंच असतं. कपाटात पिस्तूल आहे असं कळलं आणि त्यामुळे पीडितेला गंभीर इजेचा धोका वाटला, तर ते पिस्तूल, त्यासोबत ओळखपत्र आणि परवानेसुद्धा ते घेऊन जातात. वस्तूंची यादी करतात आणि सगळं काउंटी प्रोसिक्युटरकडे, म्हणजे तिथल्या सरकारी वकिलाकडे, पाठवतात.

आता इथून दोन नव्हे, तीन गाड्या वेगवेगळ्या रुळांवर सुटतात. लोकांना एकच दिसते.

पहिली म्हणजे मारहाणीचा फौजदारी आरोप. साधी मारहाण असेल तर तो डिसऑर्डरली प्रकार. दुसरी गाडी कौटुंबिक न्यायालयातली. बायकोने मागितला तर त्याच रात्री, कोर्ट बंद असलं तरी, म्युनिसिपल न्यायाधीश फोनवर ऐकून तात्पुरता मनाई आदेश देऊ शकतो. यालाच सगळे टीआरओ म्हणतात. सुनावणी साधारण दहा दिवसांत होते आणि तिथे अंतिम आदेश, म्हणजे एफआरओ, मिळू शकतो. बऱ्याच राज्यांत असे आदेश वर्षा-दोन वर्षांनी संपतात. न्यू जर्सीतला एफआरओ आपोआप संपत नाही. कोर्टाने उठवेपर्यंत तो चालू राहतो. नाव राज्याच्या नोंदवहीत जातं, बोटांचे ठसे घेतले जातात आणि बंदूक बाळगायला बंदी येते. अशा आदेशाखाली असताना बंदूक सापडली तर तो तिसऱ्या डिग्रीचा गुन्हा, शिवाय फेडरल गुन्हाही होऊ शकतो. ही फेडरल बंदी घटनेला धरून आहे का, हा प्रश्न टेक्सासमधल्या रहिमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. २१ जून २०२४ रोजी आठ विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने बंदी कायम ठेवली. दुसऱ्याच्या जिवाला खराखुरा धोका असल्याचं कोर्टाने ठरवलेल्या माणसाचं शस्त्र तात्पुरतं काढून घेता येतं, असा तो निकाल.

तिसरी गाडी म्हणजे खुद्द बंदुकीची. जप्तीनंतर ४५ दिवसांच्या आत प्रोसिक्युटर कोर्टात अर्ज करून सांगू शकतो की ही बंदूक परत देऊ नका आणि परवानेही रद्द करा. अर्ज केला नाही तर बंदूक परत मिळायची असते. अर्ज केला तर स्वतंत्र सुनावणी होते. बायकोने तक्रार मागे घेतली, मारहाणीचा आरोप मिटला, टीआरओ उठला, तरी ही गाडी थांबत नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितलं आहे की घरगुती हिंसाचाराची तक्रार निकालात निघाली म्हणून शस्त्र परत देणं आपोआप बंधनकारक होत नाही. माणूस धोकादायक आहे का, हे त्या सुनावणीत नव्याने बघायचं असतं.

इथे पुष्कळ जण एक चूक करतात. ‘कशाला ती कटकट, ठेवा तुमच्याकडे पिस्तूल’ असं म्हणून कागदावर सही करतात. वरवर पाहता एका पाचशे डॉलरच्या वस्तूचा प्रश्न. पण या कायद्याखाली जप्त झालेली आणि परत न मिळालेली बंदूक हे स्वतःच अपात्रतेचं कारण आहे. ती सही पुढचे सगळे परवाने अडवू शकते. वकील न घेता या कागदावर सही करू नये, असं मला मनापासून वाटतं. फौजदारी खटल्यासाठी लोक वकील करतात आणि जप्तीच्या सुनावणीला एकटेच जातात, किंवा जातच नाहीत.

आणि साध्या मारहाणीच्या आरोपात ‘गुन्हा कबूल करा, थोडा दंड भरा, मोकळे व्हा’ असा प्रस्ताव आला तर? डिसऑर्डरली प्रकार असल्यामुळे एरवी हँडगनचा हक्क जात नाही, हे वर लिहिलं. घरगुती हिंसाचार मात्र याला अपवाद आहे. घरगुती हिंसाचाराच्या डिसऑर्डरली गुन्ह्यात दोषी ठरलं की राज्याचा परवाना बंद. फेडरल कायद्यातही १९९६ पासून अशी तरतूद आहे: जोडीदारावर बळाचा वापर केल्याचा छोटा गुन्हासुद्धा बंदुकीचा हक्क घालवतो. म्हणून दोनशे-तीनशे डॉलरच्या दंडावर मिटलेली केस बंदुकीच्या दृष्टीने तिसऱ्या डिग्रीइतकीच जड असू शकते.

मी या कायद्याच्या विरोधात नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. रागाच्या रात्री घरातलं पिस्तूल बाहेर जाणं ही चांगली गोष्ट आहे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, जवळ नातेवाईक नसलेल्या, गाडी चालवता न येणाऱ्या बाईला तर हाच कायदा वाचवतो. वाचणाऱ्यांमध्ये अशी कुणी असेल तर तिला एवढंच कळावं: मनाई आदेश मागायला पैसे लागत नाहीत, व्हिसा कोणता हे आड येत नाही आणि रात्रीही तो मागता येतो.

घरात भांडण नसून कुणी स्वतःच्या जिवावर उठलं असेल, तर आणखी एक आदेश आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून घरचा माणूस किंवा पोलीस कोर्टात जाऊन, अमुक व्यक्तीकडे बंदूक असणं तिला किंवा इतरांना धोक्याचं आहे, असं सांगू शकतात. याला कोणताही आरोप लागत नाही. तात्पुरता आदेश लगेच मिळतो, सुनावणी दहा दिवसांच्या आसपास होते आणि अंतिम आदेश कोर्ट उठवेपर्यंत टिकतो.

पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे

ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई न्यू जर्सीच्या अटलांटिक काउंटीत गाडी चालवत होती. पोलिसांनी वाहतुकीच्या किरकोळ कारणासाठी थांबवलं. तिने स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा पेनसिल्व्हेनियाचा परवाना. नदीच्या पलीकडे, पेनसिल्व्हेनियात, तो परवाना चालत होता. न्यू जर्सी दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाही. तिला अटक झाली. तिच्यावर आधीचा एकही गुन्हा नव्हता.

न्यू जर्सीत कॅरी परवान्याशिवाय, म्हणजे घराबाहेर बाळगण्याच्या परवान्याशिवाय, हँडगन बाळगणं हा दुसऱ्या डिग्रीचा गुन्हा आहे. पाच ते दहा वर्षं. त्यावर ग्रेव्ह्ज कायदा बसतो. त्यानुसार शिक्षेचा निम्मा भाग किंवा ४२ महिने, यातला जो मोठा तितका काळ पॅरोलशिवाय आत काढावाच लागतो. म्हणजे किमान साडेतीन वर्षं. बंदूक काढली नाही, कुणाला धमकावलं नाही, हेतू वाईट नव्हता, याने या आरोपाचा पाया हलत नाही. बाळगणं हाच गुन्हा. पोकळ टोकाच्या गोळ्या सोबत असतील तर चौथ्या डिग्रीचा आणखी एक आरोप लागतो. दहापेक्षा जास्त गोळ्या मावणारं मॅगझिन असेल तर तोही चौथ्या डिग्रीचा.

कायद्यात एक खिडकी ठेवलेली आहे. पहिल्याच वेळचा आरोपी असेल आणि न्यायाच्या दृष्टीने ४२ महिने अन्यायकारक ठरत असतील, तर प्रोसिक्युटरच्या विनंतीने किंवा संमतीने शिक्षा एका वर्षावर किंवा प्रोबेशनवर आणता येते. दुसरी वाट म्हणजे प्री-ट्रायल इंटरव्हेन्शन, सगळे म्हणतात तसं पीटीआय: काही काळ देखरेखीखाली राहायचं, अटी पाळायच्या, मग आरोप निकालात. त्या आईला सुरुवातीला पीटीआय नाकारली गेली. देशभर ओरड झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनी प्रोसिक्युटरांना नवीन सूचना दिल्या की स्वतःच्या राज्यात कायदेशीर असलेली बंदूक चुकून घेऊन आलेल्या प्रवाशाला साधारणपणे तुरुंगात पाठवू नये. तिला पीटीआय मिळाली आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. माफी चांगलीच. पण जवळपास वर्षभर एक आई तुरुंगाच्या उंबरठ्यावर उभी होती आणि तिचा सगळा अपराध एवढाच की नदी ओलांडल्यावर कायदा बदलतो हे तिला ठाऊक नव्हतं.

२०२२ च्या ब्रुएन निकालानंतर न्यू जर्सीला कॅरी परवान्यासाठी ‘खास गरज दाखवा’ ही अट सोडावी लागली. आता पात्र माणसाला परवाना मिळतो. दोन वर्षांसाठी, २०० डॉलर शुल्क, चार जणांचे दाखले आणि प्रशिक्षण. पण परवाना न घेता बाळगण्याची शिक्षा तसूभरही कमी झालेली नाही.

परवान्याशिवाय काही ठिकाणी सूट आहे: स्वतःचं घर, स्वतःची जमीन, स्वतःचा व्यवसाय. मोटेल किंवा लिकर स्टोअर चालवणाऱ्या आपल्या माणसांनी ‘स्वतःचा’ या शब्दाकडे नीट बघावं. मालकाला सूट आहे, काउंटरवर नोकरी करणाऱ्याला ती मिळत नाही. मालकाचं पिस्तूल गल्ल्याखाली ठेवून रात्रपाळी करणारा भाचा उद्या दुसऱ्या डिग्रीचा आरोपी होऊ शकतो. घरातून नेमबाजीच्या रेंजवर नेताना हँडगन रिकामी हवी आणि बंद पेटीत किंवा डिकीत कुलूपबंद हवी. वाटेत मित्राकडे चहाला थांबणं हा त्या प्रवासाला आवश्यक थांबा ठरत नाही.

आधी विशिष्ट गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाकडे बंदूक सापडली तर कायदा आणखी कठोर होतो: पुन्हा दुसरी डिग्री, आणि यावेळी किमान पाच वर्षं पॅरोलशिवाय. तिथे वर सांगितलेली खिडकी उघडी नसते.

ग्रीन कार्ड, एच-वन-बी आणि रेंजवरचा शनिवार

नागरिक नसलेल्यांसाठी प्रत्येक गोष्टीचं वजन दुप्पट होतं आणि आपल्यातले कितीतरी जण याच गटात आहेत.

नोकरीचा एच-वन-बी, विद्यार्थ्याचा एफ-वन, जोडीदाराचा एच-फोर असे व्हिसा फेडरल कायद्याच्या लेखी ‘नॉन-इमिग्रंट’ आहेत. अशा माणसाने बंदूक बाळगणं फेडरल गुन्हा आहे. अपवाद मोजके. त्यातला नेहमीचा म्हणजे कोणत्याही राज्याचं चालू शिकार-लायसन्स. कमाल शिक्षा २०२२ पासून १५ वर्षं. ‘बाळगणं’ याचा अर्थ विकत घेणं इतकाच नाही. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेऊन नेम धरणंही त्यात येतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजलेलं रहैफ प्रकरण फ्लोरिडातलं होतं. शिक्षण सुटल्यामुळे व्हिसाचा दर्जा गमावलेला एक विद्यार्थी रेंजवर गेला होता. न्यायालयाने म्हटलं की आपला दर्जा असा आहे हे आरोपीला माहीत होतं, हेसुद्धा सरकारने सिद्ध करायला हवं. ऑफिसच्या टीमबरोबर शनिवारी रेंजवर निघालेल्या एच-वन-बीवाल्याला आपला दर्जा ठाऊकच असतो.

ग्रीन कार्डवाल्याला बंदूक घेता येते. पण बंदूक बेकायदा बाळगण्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर ग्रीन कार्ड असूनही हद्दपारीची कारवाई होऊ शकते. याला किमान शिक्षेची अट नाही. एक दिवस तुरुंग न भोगताही हे होतं. आणि इथे पीटीआयचा एक सापळा आहे. इमिग्रेशन कायदा ‘दोषी’ कुणाला म्हणायचं हे स्वतःच्या व्याख्येने ठरवतो: गुन्हा कबूल केला आणि त्यावर काही बंधन घातलं, एवढं झालं की दोषी. न्यू जर्सीत पीटीआयमध्ये एरवी कबुली द्यावी लागत नाही. पण आरोप दुसऱ्या डिग्रीचा असेल तर द्यावी लागते आणि हँडगन बाळगण्याचा आरोप दुसऱ्या डिग्रीचाच असतो. राज्याच्या कागदावर आरोप मिटलेला आणि इमिग्रेशनच्या कागदावर माणूस दोषी, अशी विचित्र अवस्था त्यातून येते. २०१० च्या पाडिया निकालानुसार कबुलीमुळे हद्दपारी होऊ शकते का, हे अशिलाला सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तरी कबुलीआधी इमिग्रेशन वकिलाला वेगळं विचारावं. दोन्ही कायदे उत्तम जाणणारा एकच वकील क्वचित मिळतो.

परत मिळतं का

कधी कधी. न्यू जर्सीत ठरावीक वर्षं गेल्यावर बऱ्याच गुन्ह्यांची नोंद पुसून घेता येते आणि दोषी ठरल्यामुळे आलेली आडकाठी त्याने दूर होऊ शकते. पण पोलीस प्रमुखाचा ‘स्वभाव आणि चारित्र्य’ हा प्रश्न शिल्लक राहतोच. खून, दरोडा अशा गुन्ह्यांची नोंद पुसली जात नाही. एफआरओ उठवायचा तर परिस्थिती बदलल्याचं कोर्टाला पटवावं लागतं आणि ज्या व्यक्तीसाठी आदेश दिला होता तिची भीती न्यायाधीश आधी विचारतात. गव्हर्नरची माफी हा शेवटचा उपाय.

फेडरल बाजूला अलीकडे एक फट पडली आहे. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रायन रेंज नावाच्या माणसाने १९९५ मध्ये फूड स्टॅम्पच्या (गरिबांसाठीच्या सरकारी अन्नमदतीच्या) अर्जातल्या खोट्या माहितीचा गुन्हा कबूल केला होता. रक्कम २,४५८ डॉलर. तुरुंग झाला नाही, तीन वर्षं प्रोबेशन झालं. पण त्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, म्हणून बंदुकीचा हक्क आयुष्यभरासाठी गेला. त्याला हरणांची शिकार करायची होती. न्यू जर्सी ज्याच्या अखत्यारीत येते त्याच थर्ड सर्किट या फेडरल अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२३ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. रहिमी निकालानंतर प्रकरण पुन्हा ऐकलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा त्याच्याच बाजूने कौल दिला. न्यायालयाने निकाल मुद्दाम अरुंद ठेवला. तो ब्रायन रेंजच्या परिस्थितीपुरता आहे. मॉलमधल्या त्या ज्यादा शर्टामुळे वीस वर्षांपूर्वी दोषी ठरलेल्या माणसाला हाच युक्तिवाद करायचा असेल तर त्याला स्वतःचा दावा फेडरल कोर्टात स्वतः लावावा लागेल, आणि तो निकाली निघेपर्यंत बंदुकीला हात लावता येणार नाही.